मशीन स्विस, रंग मुंबईचा

डायल मोरपंखी होती. जुन्या घड्याळाला असा रंग मी आधी पाहिला नव्हता, आणि न पाहिलेला रंग म्हणजे दुर्मिळ घड्याळ असं मी मनाशी ठरवून टाकलं. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात शनिवार-रविवारचा बाजार भरला होता. घरगुती साबण, जुन्या तबकड्या, एनॅमलचे डबे, आणि या सगळ्याच्या मध्ये एका टेबलावर निळ्या मखमलीवर मांडलेली वीसेक मनगटी घड्याळं. मी उचललेलं घड्याळ फेवर ल्युबाचं ‘सी चीफ’ होतं. विकणारा मुलगा विशीतला. ‘सिक्स्टीजचा पीस आहे सर, ऑल ओरिजिनल,’ म्हणाला. मी चार हजार दोनशे रुपये मोजले आणि करी रोडपर्यंत मनगट पुढे धरून चालत गेलो.

करी रोडला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आमचे घड्याळजी काका बसतात. त्यांनी भिंग डोळ्याला लावलंसुद्धा नाही. घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, झाकण उघडून आत एकदा पाहिलं.

‘मशीन खरं आहे. केस पण खरी. चावी दुसऱ्या कुठल्या घड्याळाची, काच नवी. आणि हा रंग...’ त्यांनी डायल माझ्याकडे वळवली. ‘हा रंग स्वित्झर्लंडला ठाऊक नाही. हा आपल्या मुंबईचा.’

‘म्हणजे नकली?’

‘नकली कसं रे? मशीन खरं आहे सांगितलं ना तुला. कितीला घेतलंस?’

आकडा ऐकून ते काही बोलले नाहीत. झाकण दाबून बसवलं आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

त्यांच्या त्या ‘नकली कसं रे’ला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात जुनी घड्याळं घेतली, विकली, काही वेळा पुन्हा फसलो. एवढ्या वर्षांत कळलं ते हे, की मुंबईत जुनं घड्याळ घेताना ‘खरं की खोटं?’ हा प्रश्नच कमी पडतो. अस्सल खोटं, म्हणजे नावापासून मशीनपर्यंत सगळंच बनावट, हे जुन्या साध्या घड्याळांत कमी आढळतं. विचारायचं ते असं: यातल्या किती गोष्टी कारखान्यातून एकत्र बाहेर पडल्या? मशीन, डायल, काटे, केस, चावी. या पाचांपैकी किती जन्माच्या सोबती आहेत आणि किती नंतर येऊन राहिल्या आहेत, यावर किंमत ठरते. ठरायला तरी हवी.

जगभरातले जुन्या घड्याळांचे शौकीन असल्या रंगवलेल्या, जुळवाजुळव केलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे काही कौतुकानं म्हणत नाहीत. तरी त्यामागची गोष्ट ऐकली की निव्वळ लबाडी म्हणून हात झटकता येत नाहीत. स्विस घड्याळांचा आणि या शहराचा संबंध फार जुना आहे. १७३७ सालचं फेवर ल्युबाचं घराणं १८६५ मध्ये भारतात आलं. वेस्ट एंड वॉच कंपनीची तर मुंबईतच पेढी होती, आणि तिचं ‘सोवार प्राइमा’ रेल्वेच्या आणि पलटणीच्या माणसांच्या मनगटावर दिसायचं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. परदेशी घड्याळ एकतर भारी जकात भरून यायचं, नाहीतर रात्रीच्या अंधारात होडीतून. सुटे भाग त्याहून दुर्मिळ. अशा वेळी समोर बंद पडलेलं घड्याळ आलं की कारागीर काय करणार? दुसऱ्या मेलेल्या घड्याळाचा भाग काढून याला घालणार. आणि मुंबईच्या दमट हवेनं डायल डागाळली की गिऱ्हाईक स्वतःच सांगायचं, ‘नव्यासारखी करून द्या.’ जुना रंग उतरवायचा, पितळेची चकती घासायची, नवा रंग फवारायचा, वर नावाचा ठसा उठवायचा. पोराच्या लग्नात बापाचं घड्याळ असं नवं करून द्यायची रीत होती. तेव्हा त्यात कुणाला काही खटकत नव्हतं. खटकायला लागलं ते त्या घड्याळांना ‘व्हिंटेज’ म्हणून भाव आला तेव्हापासून, आणि मग गिऱ्हाइकानं न सांगताच मोरपंखी, केशरी, जांभळ्या डायली होऊ लागल्या.

म्हणून सुरुवात डायलपासून करा. घड्याळाचा निम्म्याहून जास्त भाव डायलमध्ये असतो आणि लबाडीही तिथेच जास्त. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या, ते शेदोनशे रुपयांत मिळतं आणि त्यानं वाचवलेले पैसे मोजता येणार नाहीत. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चालत नाही, तो कडा आपोआप गुळगुळीत करून दाखवतो.

भिंगाखाली आधी अक्षरं बघा. कारखान्यातली छपाई बारीक, सलग आणि कडेला धारदार असते. पुन्हा रंगवलेल्या डायलवरची अक्षरं किंचित फुगलेली दिसतात, ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. एकाच शब्दातलं एक अक्षर जाड, दुसरं बारीक. फेवर ल्युबाच्या डायलवर वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं. माझ्या मोरपंखी घड्याळात त्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या, एक भांडं दुसऱ्यापेक्षा पोटाळलेलं. त्याखालच्या रोमन लिपीतल्या ‘जनिव्ह’ या शब्दात एका अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ लागते, ती गायबच होती. रंगवणारा कारागीर हुशार असतो, पण त्याला फ्रेंच येत असण्याचं कारण नाही. शुद्धलेखनाच्या चुका शोधा. त्या सापडतात.

मग मिनिटांच्या खुणा. पंधरा, तीस, पंचेचाळीसच्या रेघा वर बसवलेल्या धातूच्या आकड्यांशी बरोबर जुळतात का? रंगवताना ते आकडे काढून ठेवतात किंवा तसेच ठेवून त्याभोवती रंग मारतात. काढून ठेवले तर परत बसवताना एखादा वाकडा बसतो. ठेवून मारले तर त्यांच्या बुडाशी रंगाची कड साचते. तारखेची खिडकी असेल तर तिच्या चारही कडा पाहा. तिथे रंगाचा थर जाड दिसला, कड गोलसर झाली असली, तर समजा. सहाच्या आकड्याखाली स्विस बनावटीचा बारीक उल्लेख असतो. तो नसेल, किंवा सरळ रेषेत असेल जिथे तो डायलच्या गोलाईबरोबर वळायला हवा, तर पुढे पाहायचीही गरज नाही.

अंधारात चमकणारा रंग हे दुसरं मोठं साधन. साधारण साठच्या दशकापर्यंत त्यासाठी रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम आलं. ट्रिटियमच्या डायलवर ‘स्विस’ या शब्दाच्या दोन बाजूंना बहुधा इंग्रजी टी हे अक्षर छापलेलं असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य बारा वर्षं आणि काही महिने. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या काट्यांत आज चमक उरायलाच नको. रेडियम स्वतः हजारो वर्षं टिकतं, पण त्यानं चमकवायची पूड कधीच थकून गेलेली असते. तेव्हा १९६५ चं म्हणून दाखवलेलं घड्याळ दिव्याखाली धरून मुठीत झाकल्यावर हिरवंगार पेटलं, तर तो रंग नवा आहे. काट्यांवरचा रंग पांढराशुभ्र आणि डायलवरचे ठिपके पिवळट असले तर काटे नंतर बदललेत. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. जुन्या घड्याळातला तपकिरी पडलेला, भुसभुशीत रंग नखानं किंवा सुईनं खरवडू नका आणि त्याची पूड तोंडाजवळ नेऊ नका. रेडियम असेल तर बंद झाकणाआड ठीक, श्वासात नको.

आणि डाग. नवखं गिऱ्हाईक डाग बघून मागे सरतं, जुनं पुढे वाकतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत, घामाच्या मनगटावर, लोकलच्या गर्दीत चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या घड्याळाची डायल जर आरशासारखी निर्मळ असेल, तर त्याचं कारण विचारायला हवं. खरा डाग बहुतेकदा चावीच्या बाजूनं, म्हणजे तीनच्या आकड्याकडून, आत सरकत येतो, कारण ओल तिथूनच शिरते. किंवा कडेनं गोलाकार येतो. असा डाग असलेली मूळ डायल ही चकचकीत रंगवलेल्या डायलपेक्षा महाग विकली जाते, आणि तेच बरोबर आहे.

आपल्याकडे जुनी सायको घड्याळं अमाप आहेत आणि त्यांत फसवणूकही अमाप, पण सुदैवानं ती पकडायला सर्वांत सोपी. सायकोच्या झाकणावर पाठीमागे आकडे असतात: आधी चार आकडी मशीनचा क्रमांक, म्हणजे समजा ७००९, मग रेघ, मग केसचा क्रमांक. आता डायल उलट्या दिशेनं वाचा. अगदी तळाशी, सहाच्या खाली, काचेच्या कडेआड अर्धवट लपलेली सूक्ष्म ओळ असते. तिथेही मशीनचा तोच चार आकडी क्रमांक हवा. झाकणावर ७००९ आणि डायलवर ६३०९ असेल, तर दोन घड्याळांचं लग्न लावलेलं आहे. डायलवर ती ओळच नसेल तर डायल रंगवलेली. झाकणावर सहा आकडी वेगळा क्रमांकही असतो: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी इंग्रजी ओ, एन, डी ही अक्षरं. चार आणि एन असेल तर चारनं संपणाऱ्या वर्षाचा नोव्हेंबर. ते १९७४ की १९८४ हे मशीन कुठल्या काळातलं यावरून ठरवायचं. विकणारा ‘१९७० चं आहे’ म्हणतो आणि आकडा सातनं सुरू होतो, तिथेच गप्पा थांबवा. आणखी एक: ७००९ ला चावी फिरवून चावी भरत नाही, ते हलवूनच चालू होतं. चावी नुसती गरगर फिरते म्हणून बिघडलेलं समजून कुणी भाव पाडू बघत असेल तर तो तुमच्याइतकाच नवखा आहे.

झाकण उघडून दाखवायला सांगा. मी तर म्हणेन, जो उघडून दाखवत नाही त्याच्याकडून घेऊच नका. ‘उघडलं तर सील जाईल’ ही थाप आहे. पन्नास वर्षांत ते झाकण अनेकदा उघडलं गेलेलं आहे. स्वतः मात्र हत्यार लावू नका, विकणाऱ्याच्याच हातानं उघडू द्या. आत तीन गोष्टी बघा. पहिली, मशीनवर नाव कोरलेलं आहे का आणि ते डायलवरच्या नावाशी जुळतं का. स्विस नावाच्या डायलखाली एचएमटीचं मशीन मी स्वतः पाहिलेलं आहे. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा दुसऱ्या कारखान्यांची मशीनं घेत, म्हणून वेगळं नाव दिसलं की लगेच ओरडू नका. त्या मॉडेलमध्ये कुठलं मशीन यायचं ते घरी जाऊन तपासा. दुसरी, मशीन केसमध्ये कसं बसवलंय. मूळ जोडी असेल तर ते ठोकळा खाचेत बसावा तसं बसतं. भोवती प्लास्टिकची कडी, पत्र्याची पट्टी किंवा घडी घातलेला कागद दिसला, तर मशीन भाडेकरू आहे. तिसरी, स्क्रूंची डोकी. खाचा चेपलेल्या, चिरलेल्या असतील तर फार हातांखालून गेलंय आणि सगळेच हात शहाणे नव्हते.

चालू घड्याळ कानाला लावा. बहुतेक जुनी साधी चावीची घड्याळं तासाला १८,००० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला पाच. एकसारखा, धारदार टिकटिक आवाज हवा. लंगडा आवाज आला, टिक आणि टिकमधलं अंतर कमी-जास्त वाटलं, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. मोबाइलवर ठोके मोजणारी ॲप मिळतात, बाजाराच्या गोंगाटात ती नीट चालत नाहीत, पण घरी आणल्यावर कामाला येतात. दिवसाला एक-दोन मिनिटांचा फरक जुन्या घड्याळात मला चालतो. ‘एकदम परफेक्ट टाइम देतं’ असं सांगणाऱ्याचं जुनं घड्याळ मी आधी उघडून बघतो. आत बॅटरीचं मशीन निघण्याचे प्रसंग आलेले आहेत.

झाकण उघडलंच आहे तर त्याची आतली बाजू उजेडात तिरकी धरा. माझ्या वडिलांचं एचएमटी ‘जनता’ माझ्याकडे आहे. वडील गिरणीत साचेखात्यात होते. घड्याळ दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं. त्याच्या झाकणाच्या आतल्या अंगाला, केसाइतक्या बारीक रेघांत, सुईनं कोरलेल्या तारखा आहेत. घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की आपली खूण आणि तारीख अशी ओरखडून ठेवतात. पुन्हा तेच घड्याळ आलं तर कधी उघडलं होतं ते कळावं म्हणून. वडिलांच्या झाकणावर चार खुणा आहेत, तिघांच्या हातच्या, तीन सत्तरच्या दशकातल्या आणि एक ऑक्टोबर ८१ ची. त्यानंतर मोकळं झाकण. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घड्याळ सर्व्हिसिंगला टाकायचे पैसे घरात उरले नाहीत. विकत घ्यायच्या घड्याळात अशा खुणा दिसल्या तर खूश व्हा. डायल रंगवता येते, नाव ठसवता येतं, पण तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या, काळवंडत गेलेल्या ओरखड्यांची नक्कल करायला कुणी बसत नाही. झाकणावरच्या तारखांपेक्षा डायल ‘तरुण’ दिसत असेल तर तेही तिथेच समजतं.

एचएमटीचं निघालंच आहे तर गिरणगावाच्या या घड्याळाबद्दल थोडं. हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूला १९६१ मध्ये घड्याळं बनवायला घेतली. आमच्या चाळीत सत्तरच्या दशकात ज्याच्या हातावर घड्याळ होतं त्याच्या हातावर ते एचएमटीच. गिरणीचा भोंगा चुकला तरी घड्याळ चुकत नाही म्हणायचे. टायटन बॅटरीवरची घड्याळं घेऊन आली आणि हे राज्य गेलं. केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हापासून ‘पायलट’, ‘जनता’, ‘कांचन’ यांना शौकिनांचा भाव आला आणि रंगवणाऱ्यांनाही काम आलं. ‘पायलट’ म्हटलं की काळी डायल आणि ठळक आकडे. केशरी, पोपटी, गुलाबी ‘पायलट’ दिसला तर हसून पुढे जा. सैन्याचा बाण किंवा मोठा लाल क्रॉस छापून ‘मिलिटरी पीस’ म्हणून विकलेल्या डायली मी एचएमटीवरही पाहिल्यात आणि वेस्ट एंडवरही.

‘जनता’च्या बाबतीत तुम्ही कुठल्याही परदेशी शौकिनाच्या दोन पावलं पुढे आहात. त्यावर देवनागरीत ‘एच एम टी’ आणि ‘जनता’ छापलेलं असतं. ते भिंगाखाली वाचा. शिरोरेषा सगळीकडे सारखी जाड आहे का? ‘टी’ची वेलांटी उभ्या रेघेला नीट येऊन भिडते का? ‘न’ आणि ‘त’च्या गाठी भरून गेल्यात का? आपण दुसरीपासून ज्या अक्षरांवर छडी खाल्ली ती अक्षरं वाकडी आली की डोळ्याला लगेच टोचतात. शंका आली तर शेजारच्या एखाद्या आजोबांचं एकहाती वापरलेलं ‘जनता’ मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. अशी तुलना करायला परदेशी शौकिनाकडे शेजारचे आजोबा नसतात.

केसचं थोडक्यात. सोन्याचा मुलामा आतल्या पितळेपर्यंत गेलाय का ते लगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, टोकांवर आणि पट्ट्याआड दिसतं. झाकण स्टीलचं आणि वरची केस मुलाम्याची ही जोडी नेहमीची, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. बफ मारून मारून कडा साबणासारख्या गोल झालेल्या असतील तर किंमत कमी. भरीव सोनं म्हणून सांगत असतील तर झाकणाच्या आतल्या बाजूला हॉलमार्क बघा. १८ कॅरेटच्या जुन्या स्विस केसवर स्त्रीच्या डोक्याचा छोटा ठसा असतो. तो नाही, तर सराफाकडे नेऊन तपासल्याशिवाय सोन्याचे पैसे देऊ नका. चावीवर कंपनीचं चिन्ह असलं तर चांगलं, नसलं तर फक्त चावीचे पैसे कमी करा, घड्याळ सोडू नका. काच बदललेली असणारच.

आखातातून आलेल्या मामा-काकांमुळे आपल्याकडे राडोचं वेड आहे, त्यासाठी एक सोपी परीक्षा. स्वयंचलित राडोच्या डायलवर जो छोटा नांगर असतो तो मोकळा फिरतो. घड्याळ हलवलं की डोलतो. नांगर छापलेला किंवा चिकटवलेला असेल तर डायल गेली. आणि रोलेक्स, ओमेगासारखी मोठी नावं बाजारातल्या टेबलावर दिसली तर माझा सल्ला एका ओळीत: हात लावा, घेऊ नका. जुन्या रोलेक्सचे क्रमांक पट्टा काढल्यावर लगांच्या मध्ये केसवर कोरलेले दिसतात, खऱ्यात ते उजेड पकडणाऱ्या धारदार रेघांत असतात, नकलीत वाळू मारल्यासारखे. पण एवढं कळून लाखांचा व्यवहार करू नये. तिथे कागदपत्र आणि नाव असलेला विक्रेता हवा.

घ्यायचं कुठून? चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटला जरूर जा, शिकायला त्याहून चांगली शाळा नाही, फक्त पहिल्या तीन फेऱ्यांत पैसे घरी ठेवा. नेटवर घेत असाल तर विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: डायल समोरून दिवसाच्या उजेडात, झाकण बाहेरून, झाकण आतून, उघडं मशीन. फोटो पाठवायला चालढकल झाली तर उत्तर मिळालं. पण माझ्या मते सर्वांत चांगली घड्याळं सध्या बाजारात नाहीतच. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, परळ-लालबागच्या कितीतरी चाळी रिकाम्या होतायत, आणि शंभर वर्षांच्या खोल्या आवरताना ट्रंकांच्या तळाशी, लग्नाच्या शालूच्या घडीत, देव्हाऱ्यामागे घड्याळं सापडतायत. बंद पडलेली, डागाळलेली, पण कुणाचा हात न लागलेली. अशी घड्याळं भंगारवाल्याकडे जायच्या आधी ओळखीतून मिळतात. तिथे घासाघीस करू नका. त्या घरच्यांना बाजारभाव सांगा, मगच तुमचा भाव सांगा. आणि घड्याळ कुणाचं होतं, कधी घेतलं, तो माणूस गिरणीच्या कुठल्या खात्यात होता, हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. विकत घेतल्याची दोन ओळींची पावती, दोघांच्या सह्या आणि तारखेसह, कुठल्याही व्यवहारात घ्या. चोरीचा माल निघाला तर तीच तुमच्या बाजूनं उभी राहते, आणि जो पावती द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडचा माल घ्यायचा नसतो.

रंगवलेलं घड्याळ घेऊच नये का? घ्या की. रोज वापरायला, पावसापाण्यात हातावर बांधायला ते उत्तम. आतलं मशीन चांगलं असेल तर रंगवलेल्या डायलचं घड्याळ मूळ डायलच्या मानानं बरंच स्वस्त मिळायला हवं, आणि विकणाऱ्यानं ते ‘रंगवलेलं’ म्हणूनच विकायला हवं. माझं भांडण रंगाशी नव्हतं, ‘ऑल ओरिजिनल’ या दोन शब्दांशी होतं.

आणल्या आणल्या चावी देऊन चालवत राहू नका. वाळलेल्या तेलात चाललेलं मशीन आतून झिजतं. आधी सर्व्हिसिंग, मग हौस. मी ते मोरपंखी ‘सी चीफ’ काकांकडेच टाकलं. त्यांनी ते आठवडाभर ठेवलं, चावी बदलली, पैसे घेताना म्हणाले, ‘डायल मूळ रंगाची करून हवी असेल तर सांग, करणारा आहे ओळखीचा.’ मी नको म्हटलं. दिवसाला दीड मिनिट मागे पडतं. जून लागला की वडिलांचं ‘जनता’ कपाटात ठेवतो आणि हे काढतो.